चिरिगोता की कोम्पार्सा?

दक्षिण स्पेनमधील कादिस प्रांतात, कोनिलसारख्या समुद्रकाठच्या लहान गावात, कार्निव्हालच्या दिवसांत गेलेल्या पाहुण्याला चौकातील मंचावर एकसारखी सोंगे घेतलेले, गिटार आणि ढोल बाळगणारे दहा-बारा जण गाताना दिसतात. पण हे पथक चिरिगोता आहे की कोम्पार्सा, म्हणजे कार्निव्हालच्या गाणाऱ्या पथकांच्या या दोन प्रकारांपैकी कोणते, ते त्याला काही केल्या उमगत नाही. गोंधळ स्वाभाविकच आहे. दोन्ही पथकांचा ताल बोंबो हा मोठा ढोल आणि काहा हा कडकडीत वाजणारा लहान ढोल यांवर चालतो, आणि कार्यक्रमाचा क्रमही एकच असतो: प्रवेशगीत, पासोदोब्ले (सहसा गंभीर गाणे), कुप्ले (छोटे विनोदी गाणे) आणि अखेरीस निरनिराळ्या चालींची लांबलचक पोपुर्री.

चिरिगोता हसवते आणि कोम्पार्सा गंभीर असते, असे सहसा सांगितले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे, कारण चिरिगोताचा पासोदोब्ले डोळ्यांत पाणी आणू शकतो आणि कोम्पार्सालाही कुप्लेमध्ये विनोद साधावाच लागतो. म्हणून एका गाण्यावरून निवाडा करू नये. आवाजांची बांधणी ऐकावी. कोम्पार्सात कमाल पंधरा जण असतात. मुख्य चाल तेनोर सांभाळतात, सेगुंदा तिला जोड देतात आणि ऑक्तावीया हा उंच आवाज त्या सर्वांवर तरंगत राहतो. या थरांसाठीच कोम्पार्सा ऐकायची असते. चिरिगोतात कमाल बारा जण असतात आणि त्यांचे गाणे गल्लीतल्या खुल्या गळ्याच्या अधिक जवळचे असते. तिथे आवाजाच्या नक्षीपेक्षा शब्द स्पष्ट पोहोचणे महत्त्वाचे, कारण कुप्लेच्या मोजक्या ओळींतली सगळी गंमत बहुधा शेवटच्या ओळीत दडलेली असते आणि ती ओळ निसटली की कुप्लेच निसटतो. चिरिगोताचे सोंगही मुळात विनोदच असते, तर कोम्पार्साचे सोंग बहुधा एखादी काव्यमय कल्पना उभी करते.

कोम्पार्साला आजचे रूप देण्याचे मोठे श्रेय पाको आल्बा यांना जाते, आणि त्यांचा जन्म 1918 साली कोनिलमध्येच झाला, हे या गावी आवर्जून आठवावे. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने 1937 साली कार्निव्हालवर बंदी घातली होती. पुढे कादिसमध्ये वेगळ्या नावाखाली या गाण्यांना वाट मिळाली आणि त्याच काळात आल्बा यांनी पासोदोब्लेला भावकाव्याची खोली दिली. 1977 साली कार्निव्हाल पुन्हा आपल्या नावाने फेब्रुवारीत परतला. आल्बा मात्र 1976 सालीच वारले होते. (तेनेरिफे बेटावर कोम्पार्सा म्हणजे नृत्यपथक, तेव्हा तिथे ही ओळख लावू नये.)

स्पॅनिश न येणाऱ्याने सुरुवात चिरिगोतापासून करावी, असे मला मनापासून वाटते. कादिसच्या फाया नाट्यगृहातील स्पर्धेत नाव न नोंदवणारी, ‘इलेगालेस’ म्हणजे ‘बेकायदेशीर’ म्हणवली जाणारी पथके एखाद्या घराच्या पायरीवर उभी राहून गातात, आणि ऐकणारे त्यांच्यापासून हातभर अंतरावर असतात. प्रत्येक कुप्लेनंतर तेच ध्रुवपद येते. पहिल्या वेळी आपण नुसते ऐकतो. दुसऱ्या वेळी शेजारचा अनोळखी माणूस ते मोठ्याने म्हणत असतो, आणि बोंबोचा ठोका छातीत घुमत असताना निदान शेवटचा शब्द तरी आपल्याही तोंडून निघतो.