तासिकेविना चाललेला विषय : माध्यमिक शाळांतील नाट्यशिक्षणाची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांत नाटक निदान शंभर वर्षे होत आले आहे, मात्र वेळापत्रकात त्याला स्वतःची तासिका क्वचितच मिळाली. स्नेहसंमेलन, स्पर्धा, गावची जत्रा, सुट्टीतले शिबिर आणि अलीकडच्या काळात सरकारी मोहिमा या आधारांवर ते तगले. दहावीला कलेसाठी मिळणारे वाढीव गुण, त्यासाठीची प्रमाणपत्रे आणि शिक्षकपदे यांविषयी गेल्या काही वर्षांत जे वाद झाले, त्यांची मुळे या आधारांतच आहेत.

स्नेहसंमेलनाची प्रथा शाळांनी महाविद्यालयांकडून उचलली. शाळेला सोसेल असा नाट्यप्रकार मात्र शाळेतच घडला. पुण्यातील एका शिक्षकाने १९११ पासून नाट्यछटा लिहिल्या. एकच पात्र बोलते, समोरच्याचे बोलणे प्रेक्षकाने ताडायचे आणि पाच-सात मिनिटांत एक माणूस पुरता उघडा पडतो, अशी त्यांची रचना होती. पडदा, नेपथ्य किंवा वेशभूषा यांचा खर्च नसल्याने पुढे पाठ्यपुस्तकांनी आणि वक्तृत्व-अभिनयाच्या स्पर्धांनी हा प्रकार उचलून धरला. आजही शाळेतल्या मुलाची रंगमंचाशी पहिली गाठ पुष्कळदा नाट्यछटेतूनच पडते. तिच्या जोडीला छापील नाटिका आल्या आणि त्यांच्या मुखपृष्ठावर 'स्त्रीपात्रविरहित' किंवा 'पुरुषपात्रविरहित' असे ठळक छापलेले असे. मुलामुलींच्या शाळा वेगळ्या होत्या हे त्याचे एक कारण होते. सहशिक्षण असलेल्या शाळेतही मुलीने मुलासमोर उभे राहून संवाद म्हणणे पालकांना रुचत नसे, हे दुसरे. नाटिका निवडताना शिक्षक कथानकाच्या आधी ही ओळ पाहत.

स्वातंत्र्यानंतर हौशी रंगभूमीला राजमान्यता मिळाली. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ मध्ये सुरू झाली आणि तालुक्याच्या गावांतले हौशी संघ तिच्यासाठी वर्षभर धडपडू लागले. त्या संघांत माध्यमिक शिक्षकांचा भरणा मोठा असे, आणि जे शिक्षक रात्री तालमी करत, तेच डिसेंबर-जानेवारीत शाळेचे संमेलन बसवत. ग्रामीण भागात अनुदानित माध्यमिक शाळा वाढल्या, तसे शाळा आणि गाव यांच्यातले हे देवाणघेवाणीचे नाते घट्ट झाले. वर्गातली टेबले एकाला एक जोडून रंगमंच होई, भजनी मंडळातला पेटीवाला पार्श्वसंगीताला बसे, शिंपी जुन्या नऊवारीतून शेले-अंगरखे शिवून देई आणि मांडववाला शाळेकडून निम्मेच भाडे घेई. उलट गावातले हौशी मंडळ शाळेच्या इमारत निधीसाठी नाटकाचा मदतीचा प्रयोग लावी. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत, दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र-रात्र नाटके चालतात तिथे, आणि कोकणात दशावताराच्या पट्ट्यात तर मुलाला नाटक शाळेने शिकवावे लागतच नव्हते. ते घरातून आणि देवळासमोरूनच येत होते. शाळेने त्या शिक्षणाची नोंद कधी घेतली नाही, ही गोष्ट पुढच्या वादात महत्त्वाची ठरली.

शहरांत वेगळीच वाट निघाली. मुंबईत १९५९ मध्ये आणि पाठोपाठ १९६२ मध्ये बालनाट्याला वाहिलेल्या संस्था उभ्या राहिल्या. पऱ्या, चेटकिणी आणि बोलके प्राणी यांची नाटके व्यावसायिक सफाईने, तिकीट लावून होऊ लागली. पुण्यात १९८६ मध्ये बर्लिनच्या एका बालरंगभूमीच्या धर्तीवर प्रौढ नटांनी मुलांच्या भूमिका करायच्या आणि घर, शाळा, शेजार इथले खरे प्रश्न मांडायचे अशी नाटके सुरू झाली. या दोन्ही प्रवाहांनी मुलांना उत्तम नाटक दाखवले, यात शंका नाही. मात्र स्वतः नाटक करण्याची सोय हळूहळू शाळेतून मे महिन्यातल्या शिबिरांत गेली, आणि शिबिराला शुल्क असते. मराठी शाळेतले मूल तिथे कमी आणि पालकांना परवडते ते मूल जास्त, असा भेद त्यातून पडला. याला छेद देणारा एक प्रयत्न २०१४ पासून ठाण्यात झाला. वस्त्यांतल्या मुलामुलींनी आपल्याच वस्तीतले विषय घेऊन नाटिका लिहिल्या, बसवल्या आणि नाट्यगृहात सादर केल्या. त्याला शाळांनी नव्हे, रंगकर्मी आणि सामाजिक कार्यकर्त्यांनी आधार दिला.

दरम्यान शासनाच्या विविध विभागांना शाळेतल्या नाटकाचा निराळाच उपयोग सापडला होता. लोकसंख्या शिक्षणाच्या प्रकल्पातून नववीच्या मुलांसाठी भूमिका-अभिनयाची स्पर्धा आली. चार-पाच मुले, पाच-सहा मिनिटे आणि व्यसन, किशोरवय, मुलींचे स्थान असे नेमून दिलेले विषय. विज्ञान नाट्योत्सव तालुक्यापासून राज्यापर्यंत होऊ लागला. शौचालय, मतदान, बेटी बचाओ यांसाठी पथनाट्ये झाली, आणि प्रभातफेरीच्या शेवटी चौकात गोल करून ती करणे हे शाळेच्या वार्षिक कामातले एक कलम बनले. गावाशी संबंध येतो तो असा. पूर्वी गाव शाळेच्या नाटकाला हात देत होते. आता शाळा गावाला वरून आलेला संदेश पोहोचवते. संदेश चांगला असतो, संहिता बहुधा वाईट. दहा ओळींच्या घोषणा पाठ करून घेण्याला नाट्यशिक्षण म्हणणे कठीण आहे, पण अहवालात ते तसेच लिहिले जाते.

एवढे सगळे चालू असताना नाटकासाठी शिक्षकपद का निर्माण झाले नाही, याचे उत्तर चित्रकलेकडे पाहिले की मिळते. चित्रकलेच्या श्रेणी परीक्षांची परंपरा एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे जाते. परीक्षा होती म्हणून अभ्यासक्रम होता, अभ्यासक्रम होता म्हणून प्रशिक्षित शिक्षक आणि त्याचे पद होते. त्यामुळे शाळेत 'कलाशिक्षक' म्हटले की चित्रकलेचेच सर डोळ्यांसमोर येतात. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दृश्यकला, संगीत, नृत्य आणि नाट्य या चारही कला दहावीपर्यंत शिकवाव्यात, असा आग्रह धरला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असतील तर कलेसाठी अंशकालीन निदेशकाची, म्हणजे ठरावीक तासांपुरत्या शिक्षकाची, तरतूद केली, परंतु कोणती कला हे सांगितले नाही. पुढे हे निदेशक नेमणे, कमी करणे, तासिकेप्रमाणे मानधनावर बोलावणे आणि न्यायालयात जाणे यांतच वर्षे गेली. नववी-दहावीला तर तो कायदा लागूही नव्हता. २०१७ पासून 'स्वविकास व कलारसास्वाद' हे पुस्तक नववीला आले. विषय गुणांचा नव्हे तर श्रेणीचा असल्याने तो शिकवण्यापेक्षा नोंदवला अधिक गेला. शेजारच्या गोव्याने माध्यमिक शाळांत नाट्यकलेचे शिक्षक नेमण्यापर्यंत मजल मारली, हे इथे नमूद करायला हवे.

या पार्श्वभूमीवर कलेत प्रावीण्य असलेल्या दहावीच्या विद्यार्थ्यांना अतिरिक्त गुण देण्याचा राज्य शासनाचा जानेवारी २०१७ मधील निर्णय पाहावा लागतो. खेळाडूंना दहावीला वाढीव गुण मिळत होतेच. कलेत प्रावीण्य असलेल्या मुलांना ते का नाहीत, हा प्रश्न रास्त होता. शास्त्रीय गायन-वादन-नृत्य, चित्रकला आणि लोककला यांना आधी व पुढील दुरुस्त्यांत नाट्यालाही गुण मान्य झाले. त्या वर्षीच्या निकालात १९३ विद्यार्थ्यांना शंभर टक्के मिळाले आणि सारा वाद गुणांच्या फुगवट्याभोवती फिरू लागला. वृत्तपत्रांनी तोच धरला, आणि कमाल गुणांची मर्यादा नंतर खाली आणली गेली. नाटकाच्या दृष्टीने मूळ अडचण तिथे नव्हतीच.

अडचण पुराव्याची होती. शास्त्रीय संगीतात परीक्षांची पायरीपायरीने चढणारी शिडी आहे, चित्रकलेला श्रेणी परीक्षा आहे. नाटकाला यांतले काहीच नसल्याने स्पर्धेतले यश हाच पुरावा मानला गेला. आता पंधरा मुलांचे बालनाट्य डोळ्यांपुढे आणावे. मुख्य भूमिकेतल्या मुलाला अभिनयाचे पारितोषिक मिळते. विंगेत संहिता धरून बसलेली मुलगी सगळ्यांचे संवाद मुखोद्गत करून असते, दोन प्रवेशांमधल्या अंधारात ठोकळे हलवणाऱ्या दोघांना त्यांची जागा पावलांनी ठाऊक असते; त्यांनी जे कमावले त्याला कागद नाही. संघ क्रमांकात आला तर काही वाटा मिळेल, नाही आला तर वर्षभराची तालीम शून्य. भूमिका वाटपाच्या दिवशी पालक शाळेत येऊ लागले ते यामुळे. दहावीच्या मुलाला झाडाची भूमिका दिली म्हणून एखादे घर रागावते, यात हसण्यासारखे काही नाही, कारण अकरावीचा प्रवेश दशांशावर ठरतो.

लोककलेच्या बाजूने अडचण आणखी बोचरी होती. तिथे ठरावीक संख्येने प्रयोग केल्याचे प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संस्थेकडून आणायचे होते. जी मुले जत्रेत आजोबांबरोबर पखवाजाला किंवा सोंगाला उभी राहतात, त्यांची मंडळी नोंदणीच्या भानगडीत क्वचितच पडलेली असतात. शहरात मात्र असे प्रमाणपत्र मिळवून देणारे वर्ग लवकर उभे राहिले. म्हणजे ज्यांच्या नावाने सवलत आली, त्यांच्याआधी ती दुसऱ्यांनी घेतली. निर्णयाची दुसरी बाजूही खरी आहे: मुख्याध्यापक तालमीला वेळ देऊ लागले, दहावीच्या वर्षी नाटक म्हणजे वाया जाणे हा समज ढिला झाला, आणि कार्यालयात कला विषयाची फाइल जिवंत झाली. तरीही हा निर्णय नाटक शिकवण्याचा नव्हता, शाळेबाहेर कुठेतरी शिकलेल्याला बक्षीस देण्याचा होता, आणि शिकवणाऱ्याचा प्रश्न त्याने होता तिथेच ठेवला.

समूहकलेला वैयक्तिक मोजपट्टी लावण्याची हीच खोड केंद्राच्या योजनेतही दिसली. माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या कला उत्सवात नाटक सांघिक प्रकार म्हणून होते. मध्यंतरी ते वगळले गेले आणि २०२२ मध्ये परतले ते एकल अभिनय म्हणून, म्हणजे फिरून नाट्यछटेपाशीच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला ही अभ्यासेतर नाही असे म्हटले. २०२३ च्या राष्ट्रीय शालेय अभ्यासक्रम आराखड्याने नाट्य हे कलाशिक्षणाचे स्वतंत्र अंग मानून स्थानिक कलावंतांना शाळेत बोलावण्याची वाट मोकळी ठेवली, आणि सहावीच्या नव्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात नाटकाला प्रत्यक्ष पाने मिळाली. दशावतारी किंवा झाडीपट्टीतला नट शाळेत येऊन शिकवू लागला तर त्याला मानधन खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली द्यायचे, आणि त्याने बसवलेल्या नाटकातल्या पडदा ओढणाऱ्या मुलाची श्रेणी कोणी भरायची, हे राज्याच्या नियमांत ठरायचे आहे.