निवृत्त खेळाडू आणि मेंटॉरिंग: ‘एकास एक’चा वाद कुठून आला?

खेळ सोडल्यावर ना‑नफा संस्थेत मुलांचा मेंटॉर, म्हणजे नियमित भेटून वाट दाखवणारा प्रौढ, होणारे खेळाडू आता सर्रास दिसतात, पण ही वाट तशी अलीकडची. त्यांनी मुलाला ‘एकास एक’, म्हणजे एकट्याने, भेटावं का हा वाद तर आणखी नवा. यामागे दोन जुने धागे आहेत. पहिला, खेळातून चारित्र्य घडवायची कल्पना. बास्केटबॉल १८९१ मध्ये जन्मला, तोही अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या ख्रिस्ती युवक चळवळीच्या (वायएमसीए) प्रशिक्षण शाळेत. त्या मैदानांवर मुलांना वळण लावायचं काम मात्र शिक्षक आणि धर्मोपदेशक करत, नामवंत खेळाडू नव्हे. दुसरा धागा मेंटॉरिंगचा, आणि त्याचा खेळाशी संबंधच नव्हता. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या बालन्यायालयातल्या एका लिपिकाने प्रत्येक मुलामागे एक जबाबदार प्रौढ उभा करण्याची मोहीम सुरू केली. ‘एकास एक’ जोडीचं मूळ ते.

हे दोन धागे जुळले १९८० च्या दशकात. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात रात्री दहा ते दोन बास्केटबॉल सुरू झालं. वयोगट १७ ते २१ आणि अट एकच, आधी कार्यशाळेत बसा, मग चेंडूला हात लावा. १९९४ मध्ये अमेरिकी संसदेत या योजनेची यथेच्छ टिंगल झाली. त्याच वर्षी नॉर्वेतल्या लिलेहॅमरच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदकं जिंकणाऱ्या एका स्पीड स्केटरने आपल्या बक्षिसाची रक्कम युद्धग्रस्त मुलांच्या मदतीला दिली आणि पुढे मुलांसाठीच संस्था उभारली. पुढे खेळाडूचं नाव आणि संस्था हे समीकरण रूढ झालं.

मेंटॉरिंगला आकड्यांचा आधार मिळाला ‘एकास एक’ जोड्यांवरच्या १९९५ च्या अमेरिकी अभ्यासातून. १० ते १६ वयाची ९५९ मुलं. निम्म्यांना मेंटॉर, निम्मी १८ महिने प्रतीक्षायादीत. मेंटॉर असलेल्यांत अमली पदार्थांना सुरुवात करण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी, दारूचं २७ टक्क्यांनी. हे आकडे पुढे माहितीपत्रकांत फिरत राहिले. पण त्या जोड्या महिन्यातून साधारण तीनदा, तीन‑चार तास भेटत होत्या, ही बाब मागे पडली. २००२ च्या फेरविश्लेषणात दिसलं की खरा फायदा वर्षभर टिकलेल्या जोड्यांत आहे, आणि तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतल्या मुलांचं स्वतःबद्दलचं मत उलट खालावलं. माजी खेळाडूंची गोची नेमकी इथेच होते. समालोचन, जाहिराती, दौरे यांत तिसऱ्या भेटीनंतर तारखा पुढे ढकलल्या जातात. मूल त्याचा अर्थ ‘मी नकोसा झालो’ असाच लावतं. म्हणून जाणत्या संस्था जोडी लावण्यापूर्वी वर्षभराच्या तारखा लिहून घेतात. आणि थांबायचंच असेल, तर निरोपाची भेट सक्तीची ठेवतात.

खरा वाद पेटला तो २०१६ नंतर. अमेरिकी जिम्नॅस्टिक्समधलं लैंगिक शोषणाचं प्रकरण उघड झालं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये कायदा आला. संशय आल्यास २४ तासांत कळवणं बंधनकारक झालं, आणि प्रौढ व अल्पवयीन खेळाडू यांनी एकट्याने भेटण्यावर मर्यादा आल्या. २०१९ पासूनच्या नियमावलीचा गाभा असा की भेट दुसऱ्या प्रौढाला दिसेल आणि तो ती मध्येच थांबवू शकेल, अशीच हवी. खासगी मेसेज बंद. पालक किंवा दुसरा प्रौढ त्यात हवाच. गाडीतून एकट्या मुलाला नेणं पालकांच्या परवानगीशिवाय नाही.

ही चौकट ऑलिंपिक खेळांच्या संघटनांसाठी होती, पण तिची झळ मेंटॉरिंगपर्यंत आली. विरोधकांचं म्हणणं होतं की घरातली मारहाण किंवा व्यसन मूल चारचौघांत सांगत नाही. मग मेंटॉर कशाला? मुद्दा खरा आहे, पण त्यात गल्लत आहे. बोलणं ऐकू न येणं वेगळं आणि भेट दिसू न देणं वेगळं. मैदानाच्या कडेचा बाक, काचेचं दार, समोर सराव घेणारा दुसरा प्रौढ एवढ्यावर दोन्ही साधतं. मानसोपचारासाठी नियमावलीत अपवाद आहे, तोही याच धर्तीवर: दाराला कुलूप नको, आवारात दुसरा प्रौढ हजर आणि त्याला बैठकीची कल्पना, पालकांची संमती हातात.

घोळ होतो तो मोठ्या नावाच्या बाबतीत. ‘त्यांची काय चौकशी करायची’ म्हणून चारित्र्य पडताळणी आणि संदर्भ तपासणी टाळली जाते. समन्वयक वयाने लहान, खेळाडू देणगी आणणारा, मग टोकणार कोण? त्यामुळे मेंटॉरवर देखरेख ठेवणारा माणूस निधी गोळा करणाऱ्यांपैकी नसावा, हे आता काही संस्था करारातच घालतात. गटपद्धतीकडे वळलेल्यांनी दोन प्रौढ आणि आठ‑दहा मुलं असा मध्यममार्ग काढला. त्यात सुरक्षितता वाढते, पण धीट मुलं वेळ खातात आणि गप्प मूल गप्पच राहतं. शिवाय गटाचा सराव कधी निवडचाचणी होऊन बसतो हे कळतही नाही. खेळात कच्चं मूल सर्वांत आधी गळतं, आणि मेंटॉरची गरज बहुधा त्यालाच जास्त असते.