रिसीव्हर सरळ करायचा, पण कोणत्या आसाला धरून?

बोल्ट-ॲक्शन रायफलच्या बोल्टला, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणाऱ्या पोलादी दट्ट्याला, पुढच्या टोकाशी बहुधा दोन लग असतात, कानांसारखे. दांडा खाली केला की बोल्ट फिरतो आणि हे कान रिसीव्हरमधल्या (बोल्ट ज्यात सरकतो आणि नळी ज्याला जोडलेली असते त्या पोलादी घरातल्या) खाचांत अडकतात. .308 विंचेस्टर काडतुसाचा कमाल दाब 62,000 पीएसआय, म्हणजे हवेच्या दाबाच्या चार हजार पटींहून जास्त. बोल्टला मागे रेटणारा जोर काही टनांत जातो, आणि तो सगळा या दोन कानांच्या मागच्या बाजूंनी पेलायचा असतो.

दोघे तो सारखा पेलतात का, हे पाहणं सोपं आहे. कानांच्या मागच्या बाजूला निळ्या शाईचा पातळ हात द्यायचा, रिकाम्या रायफलीत बोल्ट किंचित मागे ताणून चार-पाच वेळा बंद करायचा, आणि काढून बघायचा. कित्येकदा एक कान घासून लख्ख झालेला असतो आणि दुसऱ्यावर शाई जशीच्या तशी! मधली फट असते एक-दोन शतांश मिलिमीटर. तरी गोळी सुटताना जोर आधी एकाच कानावर येतो, बोल्ट कलतो, रिसीव्हर एका अंगाला वाकतो आणि नळीची थरथर बदलते. हे दर वेळी हुबेहूब तसंच घडलं असतं तर गोळ्या एकाच जागी लागल्या असत्या. पण दाब आणि केसची (काडतुसाच्या पितळी कवचाची) बसण थोडीथोडी बदलते, म्हणून निशाणावर गोळ्यांचा गट पसरतो.

दोष येतो कुठून? नळी बसवायचे आटे, रिसीव्हरचं पुढचं तोंड, कानांच्या बैठका हे सगळं एकाच मांडणीत कापलं जाईलच असं नाही. त्यात कापल्यानंतर उष्णतेची प्रक्रिया झाली की पोलाद हलतं.

घरी करण्यासारखा उपाय म्हणून सगळे लॅपिंगकडे वळतात: कानांना घर्षण-पेस्ट लावून बोल्ट पुढे-मागे फिरवत राहायचं. त्यानं दोन पृष्ठभाग एकमेकांशी जुळतात, पण ते बोल्टच्या वाटेच्या आसाशी काटकोनात आले की नाही, हे पेस्टला कळत नाही. शिवाय रायफल कॉक (बारासाठी ताणलेली) असताना सिअर, म्हणजे फायरिंग पिन अडवून धरणारा खटका, बोल्टची शेपटी वर उचलते, त्यामुळे काही रायफलींत वरचा कान बैठकीपासून सुटतो. लॅपिंग करताना फायरिंग पिनची (काडतुसावर आदळणाऱ्या सुईची) जोडणी काढलेली असेल, तर आपण भलतीच स्थिती घासत बसतो.

म्हणून खरं काम लेथवर होतं. बोल्टच्या वाटेत घट्ट बसणारा मँड्रेल (अचूक गोल दांडा) घालायचा आणि फिरताना त्याची थरथर मोजणाऱ्या डायल गेजचा काटा जवळजवळ स्थिर होईपर्यंत जिगचे (रिसीव्हर धरणाऱ्या साच्याचे) स्क्रू हलवत राहायचं. यात तास गेला तरी जाऊ द्यावा. मग त्याच मांडणीत बैठका, तोंड आणि आटे. मध्येच काढलेला नग पुन्हा तस्साच लागत नाही.

घासलेला प्रत्येक शतांश हेडस्पेसमध्ये, म्हणजे बोल्टचं तोंड आणि काडतूस नळीत जिथे टेकतं ती जागा यांतल्या अंतरात, मिळतो. हे अंतर तपासणारा .308 चा गो गेज (यावर बोल्ट बंद व्हायलाच हवा) 1.630 इंचांचा आणि नो-गो (यावर बंद होता कामा नये) 1.634 चा, मधली जागा जेमतेम 0.1 मिलिमीटर. जुन्या माउझर 98 ला तर मी पेस्ट लावूच नये म्हणतो. तिच्या रिसीव्हरचं पोलाद आतून मऊ, कडक असते ती फक्त वरची पातळ साल. ती घासली गेली की प्रत्येक बाराला कान बैठकीत रुतत जातात आणि हेडस्पेस वाढत राहतो.