जावातली तारीख आणि ती न दिसणारी स्पेस

जावा या प्रोग्रामिंग भाषेत तारीख कशी छापायची ते अक्षरांनी सांगतात, दिवसासाठी 'डी' लिहिलं की ५ येतं, 'डीडी' लिहिलं की ०५ येतं, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण शून्य नको, त्या जागी नुसती स्पेस हवी म्हणजे कॉलम सरळ राहतो, ही सोय जावाच्या जुन्या, तारीख छापणाऱ्या सिम्पलडेटफॉरमॅटमध्ये कधी नव्हतीच. जुन्या सिसलॉगच्या (सिस्टिमच्या नोंदींच्या) तारखेत १० च्या आतला दिवस स्पेस टाकूनच लिहितात, सी भाषावाल्यांकडे त्यासाठी पर्सेंट-ई हा कोड आहे, आणि आपण दिवस वेगळा काढून पर्सेंट-२-डी (दोन जागांचा आकडा) मध्ये कोंबत बसायचो. २०१४ ला जावा ८ सोबत डेटटाइमफॉरमॅटर आला आणि त्यात 'पी' अक्षर मिळालं, 'पीपीडी' लिहिलं की काम झालं. बऱ्याच जणांना हे अजून माहीत नसतं.

पण खरा राडा दुसऱ्याच स्पेसचा आहे. २०१७ ला जावा ९ मध्ये लोकॅलचा (भाषा-देशाप्रमाणे तारीख लिहिण्याच्या पद्धतीचा) डेटा बाय डीफॉल्ट सीएलडीआर या युनिकोडच्या माहितीसाठ्यातून यायला लागला, म्हणजे तारीख कशी दिसायची ते आता जावाच्या बाहेर ठरणार. आधी अमेरिकन तारीख आणि वेळ यांच्यामध्ये एक स्वल्पविराम घुसला. मग जावा १६ मध्ये ब्रिटिश इंग्लिशमधला सप्टेंबरचा 'सेप' अचानक 'सेप्ट' झाला, तीन अक्षरांचा कॉलम धरून बसलेले लोक गार. 'पी' लावून रुंदी तीन ठेवली असेल तर तो जास्तीचं अक्षर कापत नाही, सरळ एक्सेप्शन (एरर) फेकतो.

आणि मार्च २०२३, जावा २०, सीएलडीआर ४२. अमेरिकन इंग्लिशमध्ये ३:०५ आणि पीएम यांच्यामधली साधी स्पेस काढून यू+२०२एफ ही वेगळी युनिकोड स्पेस टाकली, अरुंद आणि ओळ न तोडणारी. टायपोग्राफीच्या दृष्टीने बरोबरच आहे, पीएम एकटा खालच्या ओळीत जाऊ नये हे मलाही पटतं, पण हा डेटा फक्त डोळ्यांसाठी नसतो हो, तोच मजकूर पुढे कोणीतरी पार्सही करतं, म्हणजे वाचून परत तारीख बनवतं! टेस्ट फेल व्हायची आणि अपेक्षित ३:०५ पीएम, मिळालं ३:०५ पीएम, दोन्ही ओळी हुबेहूब सारख्या, फरक बाइट्स छापल्यावरच दिसायचा. क्रोमने तर ती परत साधी स्पेस करून टाकली. जावाने तसं केलं नाही, जुना डेटा हवा तर कॉम्पॅटचा फ्लॅग लावा म्हणाले, आणि बरेच जण एलटीएस (दीर्घकाळ सपोर्ट मिळणारं व्हर्जन) म्हणून थेट २१ वर उडी मारणारे, त्यांना हे तिथे भेटलं.

जावा २३ मध्ये पार्सिंग थोडं सैल केलं, कुठलीही स्पेस चालते, पण फक्त लेनियंट (चालवून घेणाऱ्या) मोडमध्ये. सिम्पलडेटफॉरमॅट मुळातच लेनियंट असतो म्हणून त्याचं भागतं, डेटटाइमफॉरमॅटर मात्र स्ट्रिक्ट, म्हणजे नवीन चांगला एपीआय वापरणाऱ्यांनाच जास्त त्रास. आणि त्याच व्हर्जनमध्ये कॉम्पॅट काढून टाकलं.

मराठी लोकॅलची गंमत आणखी वेगळी, 'सप्टें' दिसायला छोटा पण मात्रा-अनुस्वार धरून सहा कॅरेक्टर, 'मे' दोन, आणि 'पी' कॅरेक्टरच मोजतो, त्यामुळे पॅडिंग बरोबर होऊनही स्क्रीनवर कॉलम वाकडाच.