मेंटॉर नेमकं काय करतो?

कॅनडात एक जुना विनोद आहे: हार्ट अटॅक यायचाच असेल तर टोरांटोतल्या टॅक्सीत यावा, चालक हमखास परदेशातून आलेला डॉक्टर निघतो. हसून झालं की लोक दोनपैकी एक निष्कर्ष काढतात. एक तर 'तिकडचे लोक वर्णद्वेषी', नाही तर 'आपल्या डिग्रीला तिकडे कुत्रं विचारत नाही'. दोन्हींत थोडंफार तथ्य असेलही. मला मात्र तिसरं कारण जास्त भावतं, कारण ते गणितात मांडता येतं. स्थलांतरित व्यावसायिकांना त्यांच्याच क्षेत्रातला जाणता मार्गदर्शक, म्हणजे मेंटॉर, गाठून देणाऱ्या मेंटॉरिंग कार्यक्रमांत, म्हणजे वरवर पाहता नुसत्या कॉफीवरच्या गप्पांत, काय घडतं याचा उलगडाही त्याच गणितातून होतो.

आधी दुखणं केवढं आहे ते पाहू. टोरांटो विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ फिलिप ओरिओपोलस यांनी खऱ्याखुऱ्या जाहिरातींना बनावट रेझ्युमे पाठवले. पहिल्या सुमारे ६,००० रेझ्युमेंचा निकाल २००९ मध्ये आला. इंग्रजी नाव आणि शिक्षण-अनुभव कॅनडातला, अशांपैकी शंभरात १६ जणांना मुलाखतीसाठी विचारणा झाली. नाव भारतीय, पाकिस्तानी किंवा चिनी आणि शिक्षण-अनुभव परदेशातला, अशांपैकी फक्त ५ जणांना. २०११ पर्यंत हा प्रयोग सुमारे १३,००० रेझ्युमेंपर्यंत गेला, तरी भेदभाव दिसतच राहिला. (नावाच्या स्पेलिंगमध्ये एक 'ए' वाढवा, नशीब उघडेल, असं सांगणाऱ्या अंकशास्त्र्यांनी हुरळून जाऊ नये. इथे फरक पडतो तो रेझ्युमे वाचणाऱ्याच्या डोक्यातल्या गृहीतकांमुळे. जादाच्या 'ए'ने तो बधत नाही.)

आता गणित. १९७२ मध्ये एडमंड फेल्प्स यांनी एक साधी कल्पना मांडली. (त्यांना पुढे २००६ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, पण ते वेगळ्या कामासाठी.) मालकाला उमेदवाराची खरी कुवत दिसत नाही, दिसतो तो कागद. कागद म्हणजे सिग्नल, कुवतीची नुसती खूण, आणि त्यात गोंगाट, म्हणजे अंदाज चुकवणारी भेसळ, मिसळलेला असतो. म्हणून शहाणा मालक कागदावर थोडा विश्वास ठेवतो आणि उरलेली जागा उमेदवाराच्या गटाच्या सरासरीने भरतो. कागदाची विश्वासार्हता ० ते १ या आकड्यात मांडली, तर मालकाचा अंदाज असा: विश्वासार्हता गुणिले कागदावरची कुवत, अधिक उरलेला हिस्सा गुणिले सरासरी.

दोन उमेदवार घ्या, दोघांचीही कुवत ८०. दोघांच्या गटांची सरासरीही सारखीच, ५०. म्हणजे या मालकाच्या मनात पूर्वग्रह अजिबात नाही. ओळखीच्या कागदाची विश्वासार्हता ०.८ धरू: ६४ अधिक १०, अंदाज ७४. अनोळखी कागदाची ०.३: २४ अधिक ३५, अंदाज ५९. मुलाखतीची रेषा ६० वर असेल तर पहिला आत, दुसरा बाहेर, आणि द्वेष कुणीच केलेला नाही! आता हेच गणित कुवत ३० असलेल्या दोघांना लावा. ओळखीचा ३४ वर, अनोळखी ४४ वर. म्हणजे गोंगाट सगळ्यांनाच सरासरीकडे ओढतो. कच्च्या उमेदवाराचा त्यात फायदा होतो आणि मार बसतो तो सगळ्यात हुशार माणसाला.

हा गोंगाट येतो कुठून? आपल्या इंजिनिअरच्या रेझ्युमेवर अभिमानाने लिहिलेलं असतं, '६८ टक्के, प्रथम श्रेणी'. टोरांटो विद्यापीठाच्या श्रेणीपद्धतीत ६७ ते ६९ म्हणजे सी प्लस. वाचणाऱ्याला दिसतो तो सी प्लसवाला. वर जन्मतारीख, वडिलांचं नाव, 'विवाहित' आणि पासपोर्ट फोटो. कॅनडातल्या रेझ्युमेत यातलं काहीच नसतं. त्याच क्षेत्रात वीस वर्षं घालवलेला मेंटॉर पहिल्याच भेटीत या ओळींवर काट मारतो. मग विचारतो, "तुम्ही तिथे केलंत काय ते सांगा. पूल बांधलात? किती लांबीचा? हाताखाली माणसं किती होती?" कुवत तीच राहते, कागदाची विश्वासार्हता ०.३ वरून वर सरकते.

पण हे सूत्र इथे थोडं अडखळतं. ओरिओपोलस यांनी काही रेझ्युमेंत भाषेवरचं प्रभुत्व, बहुराष्ट्रीय कंपनीतला अनुभव, नामांकित विद्यापीठ अशी माहिती मुद्दाम घातली होती. माहिती वाढली की गोंगाट कमी व्हायला हवा. प्रत्यक्षात भेदभाव कमी झाला नाही. भरती करणारे 'भाषेची शंका' हे कारण पुढे करत, पण भाषा येते असं लिहिलेलं हिशेबात धरत नसत. माझा अंदाज असा, की स्वतःबद्दल काहीही लिहायला पैसे पडत नाहीत, म्हणून ते फारसं कुणी मनावर घेत नाही. अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये दाखवलं होतं की खोटं बोलणाऱ्याला जो महाग पडतो तोच सिग्नल टिकतो. मेंटॉरने सहकाऱ्याला "याच्याशी एकदा बोलून बघ" म्हटलं की त्याची स्वतःची पत पणाला लागते. त्यामुळेच ते ऐकलं जातं, आणि सगळ्यांसाठीच शब्द टाकणाऱ्या मेंटॉरला काही किंमत राहत नाही.

दुसरी गंमत ओळखींची. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेतल्या न्यूटन शहरात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं, की ही ओळखीची व्यक्ती तुम्हाला कितीदा भेटायची. १९७३ च्या लेखातलं उत्तर: नेहमी भेटणारी १६.७ टक्के, अधूनमधून ५५.६, क्वचित २७.८. जवळच्या माणसांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं. नव्या देशात आपल्या ओळखी बहुधा आपल्यासारख्याच नवख्यांच्या. मेंटॉर हा दुसऱ्या वर्तुळाकडे जाणारा पूल. लिंक्डइनवरच्या सुमारे २ कोटी लोकांवर केलेल्या प्रयोगांतूनही २०२२ मध्ये असंच दिसलं, फक्त एका दुरुस्तीसह: सर्वाधिक उपयोगी पडते ती मध्यम कच्ची ओळख, अगदीच तोंडओळख नव्हे.

कार्यक्रमांच्या माहितीपत्रकांवरचे 'इतके टक्के यशस्वी' हे आकडे मात्र जपून वाचावेत. मेंटॉर शोधत येणारा माणूस मुळातच खटपट्या असतो. त्याला मेंटॉरविना किती दिवसांत नोकरी लागली असती, हे तुलनेचा गट असल्याशिवाय कळत नाही.

टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ओंटारियोत १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना जाहिरातीत 'कॅनडातला अनुभव हवा' असं लिहिता येत नाही. वाक्य जाहिरातीतून गेलं; वाचणाऱ्याच्या डोक्यातलं ०.३ तिथेच आहे, त्यामुळे मेंटॉरचं काम संपलेलं नाही. इंजिनिअर, अकाउंटंट, प्रोग्रॅमर यांना त्याचा उपयोग होतो. विनोदातल्या त्या डॉक्टरला मात्र फारसा नाही. त्याची अडचण गोंगाटाची नाहीच, त्याला परवाना हवा आहे. त्यासाठी परीक्षा द्याव्या लागतात, आणि बहुतेकांना पुढे रेसिडेन्सीच्या, म्हणजे रुग्णालयातल्या प्रशिक्षणाच्या, मोजक्या जागांपैकी एक मिळवावी लागते. तोवर टॅक्सी.