वेब जीआयएस (भौगोलिक माहिती प्रणाली)

भौगोलिक माहितीचा साठा, नकाशांकन आणि अवकाशीय विश्लेषण ही कामे ब्राउझरमधून करू देणारी संगणकप्रणाली. कोणते काम सर्व्हरने करायचे आणि कोणते ब्राउझरने, या वाटणीवर तिचे बहुतेक गुणदोष अवलंबून असतात.

तिचा प्रारंभ कोठून धरावा, याविषयी एकमत नाही. झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात स्टीव्ह पुट्झ यांनी १९९३ मध्ये केलेल्या ‘मॅप व्ह्यूअर’ला सामान्यतः अग्रमान दिला जातो. मात्र त्यात दर क्लिकसरशी सर्व्हर नवे चित्र काढून सबंध पान पुन्हा पाठवी. विश्लेषणाची सोय नव्हती. बर्कली येथे १९९५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘ग्रासलिंक्स’मध्ये बफर (एखाद्या जागेभोवतीचा ठरावीक अंतराचा पट्टा) काढणे, माहितीच्या थरांवर थर ठेवून पाहणे शक्य झाले. विश्लेषण हा निकष लावल्यास त्याचा दावा अधिक ग्राह्य ठरतो. निरनिराळ्या संस्थांचे थर एकाच नकाशावर आणणारे ‘डब्ल्यूएमएस’ (वेब मॅप सर्व्हिस) हे मानक २००० मध्ये आले.

२००५ मध्ये आलेल्या गूगल मॅप्सने आधीच रंगवून ठेवलेल्या २५६ × २५६ पिक्सेलच्या चौकोनी टाइलींची पद्धत रूढ केली. नकाशा मोठा करण्याच्या (झूमच्या) पातळीगणिक टाइली चौपट होतात; अठराव्या पातळीवर त्या सुमारे ६,८७२ कोटी भरतात. तयार टाइल नुसती पाठवायची असल्याने नकाशा चटकन सरकतो. परंतु त्यासाठी वापरलेले ‘वेब मर्केटर’ प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची रीत) मोजमापाला गैरसोयीचे आहे. त्यात पृथ्वीवरील ठिकाणांचे अक्षांश-रेखांश लंबगोलाचे (ध्रुवांशी किंचित चपट्या आकाराचे), तर सूत्र गोलाचे असते. जग चौरसात बसावे म्हणून ८५.०५ अंशांपलीकडचे ध्रुवप्रदेश छाटले जातात. प्रक्षेपणांना व निर्देशांक-पद्धतींना संकेतांक देणाऱ्या ईपीएसजी या गटाने प्रारंभी त्याला नकार दिला होता. तोवर ९००९१३ हा अनधिकृत क्रमांक चालत असे (हे आकडे रोमन अक्षरांसारखे वाचल्यास ‘गूगल’ असे दिसते). पुढे ३८५७ हा अधिकृत क्रमांक मिळाला.

या प्रक्षेपणाच्या निर्देशांकांवरून थेट क्षेत्रफळ काढल्यास अहिल्यानगरच्या अक्षांशावरील १ हेक्टरचे शेत १ हेक्टर १२-१३ आर भरते. लेहमध्ये हीच वाढ जवळपास दीडपटीवर जाते. चांगली साधने लंबगोलावरून हिशेब करतात, पण ते तपासल्याशिवाय गृहीत धरू नये. बांधाच्या वादात आधार घ्यायचा तो सरकारी जमीनमोजणीच्या ‘क’ प्रतीचा (मोजणी नकाशाचा).

चित्राऐवजी आकृत्यांचे निर्देशांक पाठवणाऱ्या सदिश टाइलींत आणखी एक अडचण असते. टाइलीच्या कडेवर आकृती कापली जाते आणि लघुप्रमाणावर तिची वळणे गाळली जातात. त्यामुळे पडद्यावरील तलाव निवडला, तरी हाती येतो तो त्याचा तुकडा. अशा टाइलींवरील लेखन ब्राउझरमध्ये होत असल्याने नकाशे दाखवणाऱ्या काही प्रचलित प्रोग्रॅम-लायब्रऱ्यांत देवनागरीच्या वेलांट्या व जोडाक्षरे बराच काळ विस्कटत राहिली. सर्व्हरवर रंगवलेल्या टाइलींत हा प्रश्न तुलनेने कमी.

विश्लेषणात या प्रणालीचे बळ दिसते ते माहिती जिथे आहे तिथेच गणन करण्यात. मेरीलँड विद्यापीठाच्या गटाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला जागतिक वनबदलाचा नकाशा साडेसहा लाखांहून अधिक लँडसॅट उपग्रहाच्या प्रतिमांवरून, गूगल अर्थ इंजिन या गूगलच्या सर्व्हरांवरील गणन-व्यासपीठावर तयार झाला. मात्र अशा परक्या व्यासपीठावर दर आणि अटी पुरवठादाराच्या हाती असतात. २०१८ मध्ये गूगल मॅप्सची दररचना बदलल्यावर अनेकांनी ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी घडवलेल्या खुल्या नकाशावर आधारित पर्याय धरले.

भारतात इस्रोचे ‘भुवन’ हे नकाशा-संकेतस्थळ २००९ मध्ये सुरू झाले. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशांकनावरील पूर्वपरवानगीची बंधने बरीच शिथिल केली.