द्राक्षबागेतून ताटाकडे: समुद्री शेवाळ आणि प्रथिनांचा हिशेब

तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागायतदाराला समुद्री शेवाळ नवं नाही. कृषी सेवा केंद्रात त्याच्या अर्काचे कॅन मिळतात आणि फळछाटणीनंतरच्या फवारण्यांत तो अर्क वापरला जातो. आपल्या स्वयंपाकघरातही ते केव्हाच आलंय, चायना ग्रास या नावानं. पुडिंग घट्ट करणारा हा पदार्थ म्हणजे लाल शेवाळातून काढलेला अगर. त्यात प्रथिनं जवळपास नसतातच. त्यामुळे ‘शेवाळातून प्रथिनं मिळवा’ असं कानावर आलं, की कोणतं शेवाळ, हे आधी विचारायला हवं.

जपानमध्ये इ. स. ७०१ च्या ताइहो कायद्यात करापोटी द्यायच्या वस्तूंमध्ये शेवाळ आहे, इतकी तिथली सवय जुनी. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं कोम्बू या शेवाळाच्या रश्शातून ग्लुटामेट हा चव आणणारा घटक वेगळा काढला आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिलं. कोम्बूचा मान आजही प्रामुख्यानं या चवीसाठी आहे. प्रथिनांच्या चर्चेत नाव येतं ते नोरीचं, सुशीभोवती गुंडाळतात त्या काळपट पापुद्र्याचं.

नोरीचं बी येतं कुठून, हे तिथल्या शेतकऱ्यांनाही शतकानुशतकं ठाऊक नव्हतं. एखाद्या वर्षी पीक यायचं, एखाद्या वर्षी नाही. कोडं सुटलं इंग्लंडमध्ये. मँचेस्टर विद्यापीठातल्या कॅथलीन ड्रू-बेकर यांना लग्नानंतर पगारी नोकरी नाकारली गेली होती, तरी त्यांनी संशोधन सोडलं नाही. शिंपल्यांत वाढणारं, वेगळी जात समजलं जाणारं एक सूक्ष्म शेवाळ हीच नोरीच्या कुळातल्या शेवाळाची एक अवस्था आहे, हे त्यांनी १९४९ मध्ये दाखवलं. त्या आधारावर जपानी शास्त्रज्ञांनी बी तयार करायची पद्धत बसवली. ड्रू-बेकर स्वतः जपानला कधी गेल्या नाहीत. उतो गावात मात्र त्यांचं स्मारक आहे. हे वाचलं, की मला दरवेळी भरून येतं.

भारतात भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेनं कॅपाफायकस हे शेवाळ इथल्या पाण्यात रुजवलं आणि तमिळनाडूत मंडपमच्या किनाऱ्यावर त्याची शेती उभी राहिली. पण ती करॅगीनानसाठी, म्हणजे अन्न दाट करणाऱ्या घटकासाठी. प्रथिनं हा तिचा हेतू नव्हता.

आता आकडे. सुक्या नोरीत प्रथिनं ३० ते ४५ टक्क्यांपर्यंत सांगतात. कोम्बूच्या कुळात ती बरीच कमी. प्रथिनं मोजताना आधी नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ नं गुणायची जुनी रीत आहे. शेवाळात प्रथिनांत नसलेला नायट्रोजनही असतो, म्हणून गुणक ५ च्या आसपास धरावा असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. तसं केलं, की आकडा पाचव्या हिश्शानं उतरतो. शिवाय नोरीचा एक पापुद्रा जेमतेम ३ ग्रॅमचा, म्हणजे प्रथिन फार तर ग्रॅमभर. आपल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची वाटीभर उसळ याच्या कितीतरी पुढे आहे. वर कोम्बूसारख्या तपकिरी शेवाळात आयोडीन इतकं, की थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते खाऊ नये.

तरीही मला हा विषय सोडवत नाही, कारण शेवाळाला ना शेतजमीन लागते ना गोडं पाणी. माण-खटावच्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको. आणि नोरीची एक बहीण, पोर्फायरा व्हिएतनामेन्सिस, कुंभार्ली घाट उतरल्यावर लागणाऱ्या कोकणच्या खडकांवर पावसाळ्यात आपोआप उगवते.